छोट्या प्रवेश शुल्काच्या पोकर स्पर्धा: या चुका टाळा

नो लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारातल्या छोट्या स्पर्धांमधून बाहेर पडणारा जवळजवळ प्रत्येक खेळाडू शेवटच्या डावाला दोष देतो. खरे नुकसान बहुधा त्याआधीच झालेले असते, कारण आपल्यापुढे किती बिग ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी दोन खेळाडूंना आळीपाळीने भराव्या लागणाऱ्या सक्तीच्या रकमांपैकी, म्हणजे ब्लाइंडांपैकी, मोठी रक्कम) उरले आहेत हे त्याने मोजलेलेच नसते. चिप्सचा ढीग तेवढाच दिसत राहतो आणि ब्लाइंड वाढत जातात.

एका स्पर्धेत माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांकडे १२,००० चिप्स होत्या. ब्लाइंड ५००/१,००० होते आणि बिग ब्लाइंडवरील खेळाडूने १,००० चा अँटीही (ब्लाइंडखेरीज आणखी एक सक्तीची रक्कम) भरायचा होता, म्हणजे एक फेरी नुसती बसून काढायला २,५०० लागत. बटणावर, म्हणजे ब्लाइंड भरणाऱ्या दोघांच्या लगेच आधीच्या जागेवर असताना, आधीच्या सर्वांनी पत्ते टाकलेले असूनही त्यांनी एक्का-आठ टाकून दिले आणि ‘चांगले पत्ते येऊ देत’ असे म्हणत ते शांत बसले. फेरीअखेर ९,५०० उरले, तेव्हा ब्लाइंड ६००/१,२०० झाले. आणखी एक फेरी गेली, ६,५०० उरले आणि ब्लाइंड ८००/१,६०० वर पोहोचले. मग त्यांना पुन्हा बटणावरच राण्यांची जोडी आली. ते ऑल-इन गेले (सगळ्या चिप्स लावल्या), बिग ब्लाइंडवरील खेळाडूने नऊ-सात घेऊन कॉल केला (तेवढीच रक्कम लावली) आणि रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या सामाईक पत्त्यावर, त्याच्या दोन जोड्या झाल्या. ‘नऊ-सातवर कोणी कॉल करते का?’ हा त्यांचा प्रश्न टेबल सोडेपर्यंत चालू होता.

करते, आणि करायलाच हवे. त्या खेळाडूला १५,४०० च्या पॉटसाठी (त्याचा कॉल धरून मध्ये जमणाऱ्या एकूण रकमेसाठी) आणखी फक्त ४,९०० घालायचे होते, म्हणजे सुमारे ३२ टक्के वेळा जिंकले तरी त्याचे भागत होते. चार ब्लाइंड उरलेला माणूस बटणावरून कसल्याही पत्त्यांवर ऑल-इन जाऊ शकतो हे लक्षात घेता तो कॉल अगदी योग्य होता. त्याहून बोचणारी गोष्ट अशी की राण्या टिकल्या असत्या तरी गृहस्थांकडे १५,४०० चिप्स, म्हणजे दहापेक्षा कमी बिग ब्लाइंड झाले असते. दोन फेऱ्यांपूर्वी एक्का-आठ टाकताना त्यांच्याकडे बारा होते. त्या वेळी ऑल-इन जाऊन उरलेल्या दोघांनी पत्ते टाकले असते, तर न लढता २,५०० मिळाले असते. ती त्यांच्या स्टॅकच्या, म्हणजे चिप्सच्या ढिगाच्या, पाचव्या हिश्शाहून मोठी रक्कम होती.

पातळी बदलली, म्हणजे ब्लाइंड वाढले, की नवे पत्ते पाहण्याआधी स्टॅकला बिग ब्लाइंडने भागण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. उत्तर बाराच्या खाली आले आणि माझ्याआधी कोणी पॉटमध्ये शिरलेले नसेल, तर मी छोटा रेझ करत नाही (बेट थोडी वाढवत नाही): ऑल-इन किंवा फोल्ड (पत्ते टाकणे). कोणत्या पत्त्यांवर ऑल-इन जावे याचे तयार तक्ते मिळतात आणि उतावळे नवशिके ते एका रात्रीत पाठही करतात. मात्र तो तक्ता अँटी धरून केला आहे की न धरता, हे बघण्याइतका धीर त्यांच्यापाशी नसतो.

माझ्या रागाची दुसरी जागा म्हणजे पत्ते न टाकणाऱ्यांवर केलेला ब्लफ, म्हणजे कमकुवत पत्त्यांवर लावलेली बेट. पॉटच्या निम्म्या रकमेचा ब्लफ परवडण्यासाठी समोरच्याने तीनपैकी एकदा, आणि पूर्ण पॉटएवढा ब्लफ परवडण्यासाठी दोनपैकी एकदा पत्ते टाकावे लागतात. छोट्या स्पर्धांमध्ये असे कितीतरी खेळाडू भेटतात, जे मधली जोडी (टेबलावरच्या मधल्या पत्त्याशी जुळलेली) लागली की रिव्हरपर्यंत सोबत सोडत नाहीत. त्यांना ‘गोष्ट सांगण्यात’, म्हणजे भारी पत्ते असल्याचा भास निर्माण करण्यात, अर्थ नाही, कारण ते ऐकतच नसतात. अशांविरुद्ध मी ब्लफ जवळजवळ बंद ठेवतो आणि चांगले पत्ते असताना एरवीपेक्षा मोठी बेट लावतो. मात्र संध्याकाळभर नुसते कॉल करणारा असा खेळाडू रिव्हरवर एकाएकी रेझ करू लागला, तर माझ्याकडे एक्क्यांची जोडी असली तरी ती मी बहुतेक वेळा टाकतो. प्रसारणात पाहिलेले धाडसी ब्लफ इथे करून पाहणाऱ्यांना हा सल्ला फार मिळमिळीत वाटतो, याची मला कल्पना आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. रेझ न करता नुसता बिग ब्लाइंड भरून पॉटमध्ये शिरणे, म्हणजेच लिंप करणे, आधी बंद करावे. छोटी जोडी घेऊन सेटच्या (सारख्या तीन पत्त्यांच्या) आशेने मोठा रेझ कॉल करण्यापूर्वी दोघांचेही स्टॅक पाहावेत. फ्लॉपवर (पहिल्या तीन सामाईक पत्त्यांवर) सेट साधारण साडेआठांत एकदाच लागतो आणि वीस ब्लाइंडच्या स्टॅकमधून तेवढी भरपाई होत नाही. बाद झाल्यावर शुल्क भरून पुन्हा प्रवेश घेता येतो म्हणून पहिला स्टॅक उधळू नये. ते पैसेही आपलेच असतात.

बक्षिसांच्या उंबरठ्यावर मध्यम स्टॅकने मोठ्या स्टॅकशी भिडू नये, कारण तिथे गमावलेल्या चिप्सची किंमत तेवढ्याच जिंकलेल्या चिप्सपेक्षा जास्त असते. सॅटेलाइट स्पर्धेत (मोठ्या स्पर्धेचा प्रवेश हेच बक्षीस असलेल्या स्पर्धेत) हे टोकाला जाते: दहा समान बक्षिसे असतील, अकरा खेळाडू उरले असतील, एखाद्याकडे जेमतेम एक ब्लाइंड शिल्लक असेल आणि आपला स्टॅक भक्कम असेल, तर आपल्याहून मोठ्या स्टॅकच्या ऑल-इनसमोर एक्क्यांची जोडीदेखील टाकून द्यावी.