जेल बिघडलं की एक्झोसोमना दोष देऊ नका: या चुका टाळा

एक्झोसोम म्हणजे पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या; त्या हळूहळू सुटाव्यात म्हणून जेलमध्ये बसवतात. अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळापासून मिळणारा जेलचा पदार्थ) स्टेम सेलचे एक्झोसोम मिसळले, कॅल्शियम क्लोराइड घातलं आणि जेल दुधाळ होऊन आत पांढरे कण दिसू लागले, तर आधी बफर बघा. एक्झोसोम बहुधा पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेट घातलेल्या सलाइनमध्ये असतात. त्यातलं फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो आणि अल्जिनेटच्या साखळ्या बांधायला कॅल्शियम उरत नाही. असं जेल गुठळ्यांचं होतं आणि लवकर विरघळतं. २ टक्के अल्जिनेट आणि १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड वापरत असाल, तर एक्झोसोम हेपेस (फॉस्फेट नसलेला बफर) घातलेल्या सलाइनमध्ये घ्या. रिलीजचा, म्हणजे जेलमधून एक्झोसोम किती सुटतात ते बघण्याचा प्रयोगही त्याच सलाइनमध्ये, २ मिलिमोलर कॅल्शियम ठेवून करा.

जेलमा, म्हणजे मेथॅक्रिलेट जोडलेलं जिलेटिन, २२ अंशांच्या एसी खोलीत पिपेटच्या टिपमध्येच घट्ट होतं. एक्झोसोम नीट पसरत नाहीत, एकाच ठिकाणी साठतात. ते ५० अंशांवर विरघळवा, ३७ वर आणा, मगच एक्झोसोम घाला. टिपही कोमट हवी. व्होर्टेक्स (नळी जोरात घुसळणारं यंत्र) नको, बुडबुडे अडकतात.

पावसाळ्यात नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या दमट हवेत फ्रीजमधली जेलमाची बाटली लगेच उघडली की आतला सुका फेस ओल शोषतो. मग १०० मिलिग्रॅम म्हणून तोललेल्यात पाणीही येतं आणि जेल नरम पडतं. बाटली अर्धा तास बंदच बाहेर ठेवा.

कोलॅजनचं जेल करत असाल तर ते आम्लात असतं, बर्फावर ७.४ पीएचला आणल्यावरच एक्झोसोम घाला.

उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून एक्झोसोम वारंवार वितळवू नका, एका प्रयोगापुरते छोटे भाग करून ठेवा. तुर्भ्याहून ठाण्याला गोठलेला नमुना पाठवायचा तर ड्राय आइसच. ठाणे-बेलापूर रस्त्यावर गाडी अडकली तर साधा आइस पॅक पुरत नाही.

सर्वांत जास्त फसगत मोजताना होते. जेलबाहेरच्या द्रवात बीसीए या रंगचाचणीने प्रथिन मोजलं, तर जेलमातून सुटलेलं जिलेटिनही त्यात धरलं जातं. नॅनोपार्टिकल ट्रॅकिंगमध्ये, म्हणजे द्रवातले सूक्ष्म कण मोजताना, जेलचे तुकडेही कण म्हणून मोजले जातात. म्हणून एक्झोसोम न घातलेलं जेल प्रत्येक वेळी सोबत लावा आणि त्याचा आकडा वजा करा. सीडी६३, सीडी८१ ही एक्झोसोमच्या ओळखीची प्रथिनं तपासा. पेशी वाढवताना साधं एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम) वापरलं असेल तर गाईचे एक्झोसोमही आलेत. शेवटचे ४८ तास सीरमशिवाय ठेवा.

एक्झोसोम ३० ते १५० नॅनोमीटरचे असतात. दाट जेलच्या जाळीतली छिद्रं सहसा त्याहून लहान, म्हणजे ते बाहेर येतात ते मुख्यतः जेल झिजल्यावर. साध्या पीबीएसमध्ये काहीच सुटलं नाही म्हणून जेल नापास करू नका. जेल जेलमाचं किंवा कोलॅजनचं असेल तर मिलिलिटरला २ युनिट कोलॅजनेज (ते जेल तोडणारं एन्झाइम) घालून पुन्हा बघा.

एक्झोसोम चमकवायला पीकेएच २६ रंग वापरला असेल तर एक्झोसोमशिवाय नुसता रंगही त्याच टप्प्यांतून न्या. त्याचे गोळे एक्झोसोमएवढेच होतात आणि पेशींत शिरून तसेच चमकतात.