स्मृती पुरस्कारासाठी छायाचित्रे पाठवताना या चुका टाळा

गावातील दिवंगत छायाचित्रकार-शिक्षकाच्या नावे विद्यार्थ्यांसाठी पुरस्कार ठेवला जातो, तेव्हा प्रवेशिकांमधील सर्वांत मोठी चूक तांत्रिक नसते. ती असते सरांचीच छायाचित्रे नव्याने काढण्याची. सर कृष्णधवल काम करत म्हणून चित्रातील रंग काढून टाकायचे, सर नदीच्या घाटावर रमत म्हणून आपणही पहाटे तिथेच तिवई मांडायची आणि या नकलेला आदरांजली म्हणायचे, हे परीक्षकांच्या चटकन लक्षात येते. उदाहरणार्थ, मित्तर बेदी (१९२६–१९८५) यांनी भारतातील कारखाने आणि प्रकल्प कृष्णधवल चित्रांत टिपले आणि छायाचित्रण शिकवलेही. त्यांच्याकडून घ्यायचे ते धुराडे नव्हे, तर रुक्ष समजल्या जाणाऱ्या विषयात आकारांची लय शोधणारी नजर. ती एसटी आगारात रचलेल्या टायरांवर किंवा साखर कारखान्यासमोर खोळंबलेल्या उसाच्या ट्रॉल्यांवरही रोखता येते. सरांचे जुने छायाचित्र आपल्या कोलाजमध्ये वापरण्यापूर्वी वारसांची लेखी परवानगी घ्यावी, कारण स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या निधनानंतरही ६० वर्षे टिकतो.

चांगली चित्रे बाद होतात ती बहुधा फाइलमुळे. मित्राच्या फोनवर काढलेले चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या फोटोसारखे मागवले, तर त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि चित्र कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढले याची नोंदही पुसली जाते. प्रदर्शनासाठी १२ × १८ इंचांची प्रत ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) छापायची, तर ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात. १६०० पिक्सेल १८ इंचांवर ताणले की एका इंचाच्या वाट्याला नव्वदही उरत नाहीत. यावर उपाय म्हणून काही विद्यार्थी सॉफ्टवेअरमध्ये डीपीआयच्या रकान्यात ७२ च्या जागी ३०० हा आकडा टाकून मोकळे होतात, पण त्याने पिक्सेल वाढत नाहीत, केवळ आकडा बदलतो. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ड्राइव्हवरून मागवावी, जेपीईजी एसआरजीबी रंगप्रणालीत साठवावी आणि पाठवण्यापूर्वी संगणकावर शंभर टक्के आकारात उघडून पाहावी. पडद्यावर उठावदार दिसणारे चित्र छापून निस्तेज आले, तर आधी ही रंगप्रणाली आणि पडद्याचा अवाजवी उजेड तपासावा.

कॅमेऱ्याचे घड्याळ हा असाच दुर्लक्षित विषय आहे. बॅटरी बराच काळ काढून ठेवल्यास काही कॅमेऱ्यांची तारीख मूळपदावर जाते, आणि मग गेल्या महिन्यात काढलेले चित्र नोंदीनुसार कित्येक वर्षे जुने ठरून ‘चालू वर्षातील काम’ या अटीत अडकते. अशा वेळी नोंद परस्पर दुरुस्त करू नये, कारण ती फेरफारासारखी दिसते. मूळ फाइल आणि त्याच वेळी काढलेली मागची-पुढची चित्रे जोडून आयोजकांना कारण कळवावे.

संपादनाच्या बाबतीत कातरणे आणि उजेड-छाया सावरणे बहुतेक ठिकाणी चालते. फोनमधील खोडरबराने विजेची तार किंवा मागचा माणूस नाहीसा करणे मात्र माहितीपर विभागात चालत नाही, आणि हे काम फोनने आपणहून सुचवले होते ही सबब टिकत नाही. काही फोन मूळ चित्रावरच बदल साठवतात, म्हणून संपादन नेहमी प्रतीवर करावे. परीक्षकांना नाव कळू नये अशी अट असताना कोपऱ्यात सहीवजा वॉटरमार्क टाकणे हे तर हातचा डाव घालवण्यासारखे आहे.

चित्रओळीकडे विद्यार्थी फारच घाईने पाहतात. पुण्याच्या तांबट आळीत हंड्यावर हातोडीचे ठोके देत मठारकाम करणाऱ्या कारागिराचे चित्र ‘मेहनत’ या नावाखाली आले, तर परीक्षकाला जे दिसतेच आहे तेच पुन्हा सांगितले जाते. त्याऐवजी ‘तांबट आळी, कसबा पेठ: तांब्याच्या हंड्यावर मठारकाम’ आणि पुढे महिना व वर्ष एवढे लिहिले, तरी हंड्यावरच्या त्या ठोक्यांच्या खुणा अपघाती नसून तेच त्या कामाचे रूप आहे, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येते. कारागिराचे नाव त्याला विचारून, त्याची संमती असेल तरच द्यावे. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवावी, कारण निकाल लागल्यावर त्यांचा पत्ता शोधत फिरणे कठीण जाते.

अर्ज भरताना स्वामित्वहक्काचे कलम शेवटपर्यंत वाचावे. पुरस्काराच्या प्रदर्शनासाठी आणि प्रसिद्धीसाठी श्रेयासह चित्र वापरण्याची मुभा मागणे रास्त आहे. परंतु बक्षीस न मिळालेल्या चित्रांसह सर्व हक्क कायमचे आयोजकांकडे जातील, अशी अट असेल, तर तिचा खुलासा लेखी मागावा आणि तो समाधानकारक नसल्यास प्रवेशिका पाठवू नये, मग पुरस्कार कितीही आदरणीय व्यक्तीच्या नावाचा असो.