पायाभोवतीची जखम भरत नव्हती, कारण आत मांजा होता

उत्तरायण (संक्रांतीचा पतंगांचा सण) उलटून दहा-बारा दिवस झाले की बडोद्यात कुत्र्यांच्या पायाला अशा जखमा दिसतात. आमच्याकडेही तेच झालं: पुढच्या पायाला मनगटाच्या वर ओल, वास, सतत चाटणं. मलम आठवडाभर लावलं, फरक शून्य.

जखमेचा आकार बघा. चाटून झालेली जखम पसरट असते, गोचीड चावली की छोटी गाठ येते. ही मात्र बांगडीसारखी सरळ रेष होती, पायाला पूर्ण वेढा घालून, आणि खालचा पंजा सुजलेला.

आधी तोंडाला गॉजची पट्टी बांधली, दुखलं की घरचा कुत्राही चावतो. बोथट टोकाच्या कात्रीने केस कापले. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ घालून (चहाचा सपाट चमचाभर, जरा कमीच) धार सोडली. खपली सुटली आणि तळाशी गुलाबी धागा चमकला.

तो ओढायचा नाही! काचेची पूड असते, ओढलं की शीर किंवा स्नायूबंध कापला जातो. डॉक्टरांनी भूल देऊन काढला. नायलॉनचा मांजा कुजतही नाही. 2017 पासून बंदी आहे, तरी गच्चीगच्चीवर तोच.

नंतर दिवसातून दोनदा मिठाचं पाणी आणि फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक). जखम भरेपर्यंत गळ्यात कोन, म्हणजे चाटता येऊ नये म्हणून शंकूसारखी कॉलर. माणसांची वेदनाशामक गोळी अजिबात नाही. पंजा गार पडला तर रात्रीच दवाखाना गाठा.