साम्राज्याच्या मागण्या लिहायला शिकताना

विज्ञानकथा लिहायला लागलो तेव्हा माझ्या पहिल्या दीर्घकथेतले आकाशगंगीय साम्राज्य आपल्या निष्ठावान ग्रहांकडून दरवर्षी धान्य, खनिजे आणि पाणी वसूल करत असे. कथेचा कच्चा खर्डा मी एका ज्येष्ठ लेखिकेला वाचायला दिला. त्यांची नोकरी हिशेब तपासण्याची होती, आणि त्यांनी समासात एकच प्रश्न लिहून खर्डा परत पाठवला: हे धान्य राजधानीत पोचेपर्यंत त्याचा वाहतूक खर्च किती झाला? काल्पनिक साम्राज्य रचू पाहणाऱ्या नवोदितांना मी जे काही सांगू शकतो ते या प्रश्नाचे उत्तर शोधताना शिकलेले आहे.

सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, सुमारे 4.24 प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने निघालेले यान तिथे पोचायला 42 वर्षांहून अधिक काळ लावील, आणि एक किलो वजनाला तेवढा वेग देण्यासाठी कमीत कमी 12.5 कोटी युनिट विजेइतकी ऊर्जा खर्ची पडेल; मुक्कामी वेग कमी करण्याचा खर्च वेगळा. एवढी ऊर्जा ज्याच्या हाताशी आहे तो राजधानीच्या दारातच हवे ते पिकवील. खनिजे आणि पाणी यांचे तर विचारूच नका, कारण बर्फ, लोखंड आणि निकेल आपल्याच सूर्याभोवतीच्या धूमकेतूंत आणि लघुग्रहांत मुबलक आहे. माझ्या साम्राज्याची सगळी वसुली अशी एका संध्याकाळी निकालात निघाली.

कथेत प्रकाशापेक्षा जलद प्रवास मान्य केला तर ही अडचण सुटते, असे मलाही वाटले होते. मात्र तेव्हाही त्या प्रवासाची किंमत आधी एका वाक्यात लिहून ठेवावी लागते (एका ग्रहाला वर्षातून एकच यान, अशी) आणि मग प्रत्येक मागणी त्या वाक्यासमोर उभी करून पाहावी लागते. माझ्या यादीतल्या चौदा मागण्यांपैकी पाच टिकल्या. ज्या टिकल्या त्यांना वजन नव्हते किंवा फार थोडे होते: माणसे, माहिती, आज्ञापालन, साम्राज्याची कालगणना पाळणे आणि परराष्ट्रव्यवहाराचा हक्क.

त्यानंतर मी इतिहास वाचू लागलो, आणि तो लढायांचा वाचण्याऐवजी करारांचा वाचला, हे माझे नशीब. अथेन्सच्या नेतृत्वाखाली इ.स.पू. 478 मध्ये उभ्या राहिलेल्या, डेलॉस बेटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक नगरराज्यांच्या संघात सदस्यांना जहाजे किंवा रोख रक्कम यांपैकी एक देण्याची मुभा होती. बहुतेकांनी कालांतराने रकमेचा सोपा मार्ग पत्करला. त्या रकमेतून अथेन्सचे आरमार वाढत गेले आणि सदस्यांजवळ स्वतःची जहाजे उरली नाहीत, त्यामुळे पुढे ज्यांनी बंड केले त्यांना ते कशाच्या बळावर करायचे हाच प्रश्न पडला. संघाचा खजिना इ.स.पू. 454 मध्ये डेलॉसहून अथेन्सला हलवण्यात आला आणि सदस्यांच्या रकमेचा साठावा हिस्सा अथेना देवीला अर्पण होऊ लागला. अथेन्सच्या मोठ्या उत्सवाला प्रत्येक सदस्याने एक गाय आणि एक चिलखतसंच पाठवावा, असाही नियम पुढे झाला. ती गाय मला फार उपयोगी पडली. खजिन्याच्या दृष्टीने तिला काहीच किंमत नाही, पण ती पाठवणे विसरला तो कोण, हे सगळ्यांना लगेच कळते.

दुसरा धडा तैनाती फौजेचा. दुसऱ्या बाजीरावाने 31 डिसेंबर 1802 रोजी वसईच्या तहावर सही केली तेव्हा त्याच्याकडून खंडणी मागितली गेली नव्हती. त्याला संरक्षण देऊ करण्यात आले होते, आणि त्या संरक्षक फौजेच्या खर्चापोटी वर्षाला 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून घेतला गेला. इतर सत्तांशी बोलणी ईस्ट इंडिया कंपनीला विचारल्याशिवाय करायची नाहीत आणि इंग्रजांच्या वैरी राष्ट्रांचे युरोपीय चाकरीत ठेवायचे नाहीत, ही कलमे त्याच तहात होती. नवोदितांनी हा तह कलमवार वाचावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण जिंकलेल्या ग्रहाकडून साम्राज्य कर घेते, पण आपणहून आलेल्या निष्ठावान ग्रहाकडून ते यापेक्षा अवघड गोष्ट घेते: शेजाऱ्याशी थेट बोलण्याचा हक्क. माझ्या पहिल्या खर्ड्यात निष्ठावान ग्रहांना सवलती होत्या आणि जिंकलेल्यांवर जाच होता. आता मला ती मांडणी बाळबोध वाटते.

वसुलीचे प्रमाण ठरवण्याची पद्धत हा भाग रुक्ष दिसतो, पण माझ्या अनुभवात सर्वाधिक कथा तिथेच दडलेल्या असतात. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. मोगल दरबाराकडून 1719 मध्ये दक्षिणेच्या सहा सुभ्यांसाठी या दोन्हींच्या सनदा मराठ्यांना मिळाल्या. हिस्सा मागायचा तर उत्पन्न किती झाले हे पाहायला जागेवर आपला माणूस लागतो, आणि मराठ्यांचे कमाविसदार, म्हणजे वसुली अधिकारी, तसे जागेवर होतेही. आता हेच, प्रकाशापेक्षा जलद काही जात नाही असे धरून, तीस प्रकाशवर्षांवर नेऊन पाहा. जागेवरचा अधिकारी पिढीभरात तिथलाच होऊन जातो आणि त्याचे अहवाल राजधानीला पोचतात ते तीस वर्षांचे शिळे होऊन. म्हणून दूरच्या साम्राज्याला ठरावीक आकडा मागणेच सोयीचे पडते. पण ठरावीक आकड्याला दुष्काळ समजत नाही, आणि सूट मागणारा अर्ज गेला तर मंजुरी येईपर्यंत साठ वर्षे उलटलेली असतात. अर्ज करणारे राज्यपाल, तो मंजूर करणारे कारकून आणि ज्यांच्यासाठी तो केला ते शेतकरी, यांपैकी कोणीही एकमेकांचा समकालीन उरत नाही. ही गोष्ट उमगल्यावर मी खलनायक सम्राटाचे पात्र काढून टाकले. त्याची गरजच राहिली नव्हती, कारण अंतर तेवढे क्रूर होते.

प्रत्यक्ष कामाची माझी रीत अशी आहे की कथेची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी मी साम्राज्य आणि एक ग्रह यांच्यातला प्रवेशाचा करार, दोन्ही बाजूंच्या सह्यांसकट, पूर्ण लिहून काढतो. त्यातली भाषा कोरडी आणि सभ्य ठेवतो. धमकी कुठेही घालत नाही. प्रत्येक कलमाखाली हप्ता चुकला तर कोण येतो, किती वर्षांनी येतो आणि तो येईपर्यंत ग्रहावर कोणाचे फावते, हे लिहितो. त्या करारातली फार तर दोन वाक्ये वाचकापर्यंत जातात. उरलेली कथेत ओतण्याचा मोह मलाही झाला होता, आणि त्या हव्यासापायी एक कथा तीनदा परत आली.

माणसांची मागणी मात्र सर्वांत शेवटी सुटली. सरदारांची मुले राजधानीत ओलीस ठेवणे ही जुनी चाल आहे. दक्षिण अमेरिकेतले इंका राज्यकर्ते प्रांतांतल्या प्रमुखांचे मुलगे आपल्या राजधानीत, कुस्को येथे, आणून शिकवत असत. माझ्याही करारात तसे कलम होते. पण बारा वर्षांचा मुलगा चार दशकांच्या प्रवासाला निघाला, तर तो राजधानीत पोचण्याआधीच त्याच्या आईवडिलांचे वय झालेले असते, आणि ओलिसाचे बळ तर घरी कोणी जिवंतपणी घाबरत असेल तोवरच असते. कितीतरी दिवस हे कलम मला सुधारता येत नव्हते. मग इंकांच्याच इतिहासात दुसरा तपशील सापडला: मुलांबरोबर ते जिंकलेल्या लोकांच्या देवमूर्तीही कुस्कोला आणून ठेवत. मूर्तीचे वय होत नाही आणि तिची काळजी नातवंडांनाही तितकीच वाटते. त्या रात्री मी ओलिसांचे कलम खोडून त्या जागी ग्रहाच्या मूळ बियाण्यांचा एकमेव संच राजधानीत ठेव म्हणून द्यावा असे लिहिले, आणि तो जेमतेम दोन किलोंचा भरतो हे वाहतूक खर्चाशी ताडून पाहिले.