ऊसतोड कुटुंबाची कथा लिहायची तर

पात्रांची नावं ठरवण्याआधी त्यांच्या उचलीचा, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेचा, हिशेब मांडा. बीडच्या धारूर, पाटोदा, शिरूर कासार भागातली कोरडवाहू कुटुंबं दसऱ्याच्या सुमारास घराला कुलूप लावून कोल्हापूर, सांगली, सोलापूर किंवा बेळगावकडे निघतात, ती आधीच घेतलेले पैसे फेडायला. हे आकडे पक्के नसले की कथेत नुसते अश्रू उरतात.

समजा, जोडप्यानं १ लाख २० हजार उचल घेतली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्के वाढले. टनाला २७३चे साधारण ३६६ रुपये झाले. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं तर ७३२ रुपये होतात. हंगाम १३० दिवस चालला तर सुमारे ९५ हजार फिटतात, २५ हजार अंगावर राहतात. आठवड्याच्या बाजाराला मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, जी खर्ची देतो, तीही यात चढते. कथा २०१५ची असेल तर तेव्हाचा दर शोधा. आजचा लावलात तर तोडणी कामगार वाचक पहिल्या पानावरच पुस्तक मिटेल.

आता एक खाडा घाला. बाई तापानं पडली, दिवस बुडाला, वर पाचशे-हजार कापले. पाळीच्या, बाळंतपणाच्या दिवसांचाही हिशेब असाच होतो. या खाड्यांशी जोडल्या गेलेल्या, बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तुमच्या कथेत ही शस्त्रक्रिया येणार असेल, तर तिच्याआधी दोन-तीन खाडे वाचकाला मोजू द्या. नाहीतर तो प्रसंग बातमीतून उचलल्यासारखा वाटतो.

शब्द तिथलेच वापरा. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. अर्ध्याला उचल कमी, म्हणून पोराचं लग्न हंगामाच्या तोंडावर उरकण्याची घाई होते. एवढ्या एका शब्दात अख्खं प्रकरण बसतं. राहतात ती कोपी, तोडतात तो फड, आणि हंगाम संपला की पट्टा पडतो.

कुटुंब गाडी सेंटरचं, म्हणजे बैलगाडीनं ऊस वाहणारं, की ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळीचं, हेही आधीच ठरवा. गाडीवाले कारखान्याजवळ मोठ्या वस्तीत राहतात, वजनकाट्यावर रांगेत ताटकळतात, संध्याकाळी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून मीठ-मिरचीपुरते रोख पैसे करतात. टोळीवाले फडामागे फिरतात. वाहन रात्री दोनला आलं तरी उठून भरावं लागतं. दोन्हींची सरमिसळ ही सर्वांत जास्त दिसणारी चूक.

भरणीचा प्रसंग मात्र सावकाश लिहा. ट्रॅक्टरच्या दिव्याचा उजेड. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर मोळी, दोन्ही हात मोळीला, म्हणून तोल फक्त पायांवर. ट्रॅक्टरला टेकवलेली फळी दवानं ओली, निसरडी. मनगटांवर पाचटाचे बारीक चरे, घाम लागला की चुरचुरतात. मोळी वाहणाऱ्या बाईला थकलेली म्हणू नका. सकाळपासूनच्या खेपा मोजा आणि या खेपेला पाय फळीवर कुठे ठेवला ते दाखवा.

मुकादमाला सरळ खलनायक करू नका. त्यानंही कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे उचललेले असतात; टोळी पळाली तर तो बुडतो. अनेक मुकादम एकेकाळी कोयताच होते. त्याची दांडगाई दाखवाच, पण तिच्या मागचा करारही दाखवा.

बोली संवादांपुरती ठेवा. कुटुंब बंजारा तांड्यावरचं असेल तर कोपीत त्यांची गोरमाटी बोली चालते आणि फडमालकापुढे मराठी. गावी आजीपाशी राहिलेलं मूल आणि फडात झोळीत झोपलेलं मूल, या दोन वेगळ्या कथा आहेत. एकीचंच बोट धरा.

शेवट पट्टा पडल्यावर करू नका. मार्च-एप्रिलमध्ये कुलूप उघडतं, पण २५ हजारांची बाकी तशीच असते. पावसाळ्यात, पेरणी अडलेली असताना मुकादम पुन्हा दारात येतो आणि नव्या उचलीतून जुनी बाकी वजा करून उरलेल्या नोटा मोजतो. त्या नोटा किती, हे तुमच्या वहीत आधीच लिहिलेलं असायला हवं.