कुलवृत्तांतात आपली शाखा जोडताना : गंगेवरच्या वहीपासून मंडळाच्या अर्जापर्यंत

पेशवाईत बाहेरून येऊन नाशिक, पंचवटी, सिन्नर, चांदवड भागात स्थिरावलेल्या घराण्यांपैकी काहींची आज कुलमंडळे, म्हणजे त्या घराण्यातल्या लोकांच्या संस्था, आहेत. मंडळाचे सभासद व्हायचे, कुलवृत्तांताच्या, म्हणजे घराण्याच्या छापील वंशावळीच्या, पुढच्या आवृत्तीत आपली शाखा यावी असे वाटत असेल, तर आडनाव, गोत्र आणि कुलदैवत जुळणे पुरेसे नसते. एकाच गोत्राची आणि एकाच आडनावाची, पण एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेली कितीतरी घराणी आहेत. मंडळाला हवा असतो दुवा : अमुक हा तमुक याचा मुलगा, आणि त्याचा कागद. प्रत्येक पिढीला असा एक दुवा लागतो.

म्हणून सुरुवात मूळ पुरुषापासून करू नका. स्वतःपासून वर चढा. वरून खाली येणारा माणूस छापील वंशावळीतले आपल्या आजोबांच्या नावाचे कोणीतरी गाठतो आणि तिथेच स्वतःला चिकटवतो. बहुतेक अर्ज याच जागी अडतात. नातवाला आजोबांचे नाव ठेवायची आपली रीत असल्याने गणेश विष्णू, विष्णू गणेश, पुन्हा गणेश विष्णू अशी साखळी चालते. दोन भावांनी आपापल्या मुलाला एकाच आजोबांचे नाव दिले की एकाच वेळी दोन चुलत विष्णू तयार होतात. पत्नीचे नाव, भावांची नावे आणि गाव या तीन गोष्टी जुळल्याशिवाय माणूस तोच आहे असे धरू नका.

पहिल्या तीन पिढ्या सोप्या आहेत. स्वतःचा जन्मदाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा. दाखला हरवला असला तरी शाळेच्या जनरल रजिस्टरमधून हा उतारा मिळतो. आजोबांची शाळा माहीत नसेल तर मूळ गावच्या जिल्हा परिषद शाळेपासून विचारायला लागा.

पणजोबांपासून तहसील कार्यालयाचे अभिलेख कक्ष लागते. तिथे मागायचे ते गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद. लोक त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नाव नसतेच, कारण नोंद बारशाआधीची. बापाचे नाव आणि ‘मुलगा’ एवढेच सापडते. अशा वेळी मृत्यूची नोंद शोधा, तिच्यात नाव असते. घराण्याची शेती असेल तर त्याहून भक्कम पुरावा फेरफाराचा, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाच्या नोंदीचा. जुन्या सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि गाव नमुना ६ मधून एकेकाची नक्कल काढा. वारसाचा फेरफार मिळाला तर मयताचे नाव आणि सगळ्या वारसांची नावे नात्यासह एका पानावर येतात. काही तालुक्यांचे जुने फेरफार स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ सेवेवर ठेवलेले आहेत. हेलपाटा घालण्याआधी तिथे पाहून घ्या.

नाशिक जिल्हा १८६९ साली झाला. त्याआधी नाशिक, सिन्नर, निफाड हे तालुके अहमदनगर जिल्ह्यात होते, तर मालेगाव, नांदगाव, बागलाण खानदेशात. १८६९ पूर्वीचा कागद नाशकात नाही म्हणून तो नाहीच, असे समजू नका. घराण्याकडे इनाम किंवा वतन असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातही शोधा. १८५२ च्या कायद्याने आलेल्या इनाम कमिशनपुढे हक्क शाबीत करताना घराण्यांनी वंशावळी दिल्या आहेत. हे कागद बहुतेक मोडीत असतात. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो, तेव्हा शुद्धलेखनावरून नाव वेगळे ठरवू नका.

आता गंगेवरची वही. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आहेत. माझ्या मते नाशिकच्या माणसाजवळ यापेक्षा मोलाचा कागद नाही, कारण सातबारा फक्त जमीनवाल्यांचा असतो, वही मात्र गंगेवर आलेल्या प्रत्येकाची. उपाध्ये शोधताना आधी मूळ गाव सांगायचे, मग आडनाव आणि ज्ञाती. मूळ गाव म्हणजे पूर्वज जिथून यात्रेला यायचे ते गाव, तुमचा सध्याचा पत्ता नव्हे. आडनाव बदलले असेल तर जुने उपनावही सांगा. कुलकर्णीपण हाती आले म्हणून कुलकर्णी झालेले घर वहीत वेगळ्याच नावाखाली असू शकते. उपाध्यांच्या भाऊवाटणीत वह्याही वाटल्या जातात, त्यामुळे एका घरी ‘नाही’ ऐकल्यावर लगेच परत फिरू नका, गाव कोणाच्या वाट्याला गेले ते विचारा. त्र्यंबकेश्वरला वेगळे उपाध्ये आणि वेगळ्या वह्या आहेत. तिथले नारायण नागबळीसारखे विधी घरात झाले असतील तर तिकडेही जा.

जायचे ते दुपारी, सकाळचे विधी आटोपल्यावर. पितृपक्ष आणि अमावास्या टाळा. २०२६-२७ च्या सिंहस्थात वह्या निवांत बघायला मिळणे अवघड, म्हणून त्याआधीच काम उरका. फोटो काढण्यापूर्वी विचारा. परवानगी नसेल तर नोंद जशीच्या तशी उतरवा आणि खाली उपाध्यांची सही घ्या. दक्षिणा आधी बोलून ठेवली तर दोन्हीकडे अवघडलेपण राहत नाही. जीर्ण वही नव्या वहीत उतरवताना चुका होतात, तेव्हा पूर्वजाच्या स्वतःच्या हस्ताक्षरातले पान आहे का, हे आवर्जून विचारा.

नोंदीतली मिती, म्हणजे शकातली तिथी, इसवी सनात बदलून घेताना लोक हमखास एक वर्ष चुकतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण मिती जानेवारी ते फाल्गुनअखेर या काळातली असेल तर ७९ मिळवायचे. शके १७८२ चा फाल्गुन हा १८६१ चा. आकडा पुसट असेल, १ की ९ कळत नसेल, तर संवत्सराच्या नावावरून पडताळा घ्या. शकात १२ मिळवा, ६० ने भागा. बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक, १ म्हणजे प्रभव, आणि बाकी शून्य आली तर क्षय. १७८२ ला बाकी ५४ येते, म्हणजे रौद्र. वहीत शकाशेजारी दुसरेच नाव दिसले तर आकडा पुन्हा वाचा. जमिनीच्या जुन्या कागदांत फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, असतो, त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे.

कागद जमल्यावर तक्ता करा. एका ओळीत एक व्यक्ती : पूर्ण नाव, वडील, जन्म-मृत्यूचे साल, पत्नीचे सासरचे आणि माहेरचे नाव, गाव, आणि शेवटी त्या दुव्याच्या पुराव्याचा क्रमांक. ‘नाना’ फेरफारात आणि ‘नारायण’ वहीत असेल, तर दोन्ही नावे एकत्र असलेला एखादा कागद जोडा. दत्तकाच्या ठिकाणी जनक पिता आणि दत्तक पिता दोन्ही लिहा. दत्तक झाल्यावर नाव बदलायचे, म्हणून अशा माणसाचा लहानपणीचा कागद जुन्या नावाने शोधावा लागतो. मग पिढ्या मोजा. २५० वर्षांत साधारण ९-१० पिढ्या बसतात. सहाच भरल्या तर मधले कोणीतरी सुटले आहे. चौदा झाल्या तर बहुधा भावाला मुलगा लिहिले आहे.

एखादा दुवा सापडलाच नाही तर तो कोरा ठेवा आणि अर्जात तसे स्पष्ट लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांचे प्रतिज्ञापत्र आधार म्हणून जोडता येते, पण त्यांनी स्वतः पाहिलेल्या माणसांपुरतेच. न पाहिलेल्या खापरपणजोबांविषयीच्या शपथेला अर्थ नाही. मूळ कागद मंडळाकडे पाठवू नका, साक्षांकित प्रती द्या, आणि आपल्या जवळच्या शाखेचा छापील शाखाक्रमांक अर्जावर घाला. तपासणाऱ्याला तुमची जागा लगेच सापडते.

रामकुंडावर गेलाच आहात तर आपली नवी नोंदही करून या. मूळ गाव, जिल्हा, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे, पत्नी आणि सुना माहेरच्या नावासह, आणि मुलीसुद्धा. जुन्या नोंदींत लेकींची नावे क्वचितच सापडतात आणि त्यांच्या वंशजांची वाट तिथेच बंद होते. आद्याक्षरे नकोत, पूर्ण नावे लिहा. तारीख शके आणि इसवी अशी दोन्ही घाला, आणि सही करा.