पहिल्या मीटच्या आधी काय काय तयार ठेवाल

मीट म्हणजे हंटला, म्हणजे हाउंड्जच्या (शिकारी कुत्र्यांच्या) मागे घोड्यावरून धावायला, सगळे जमतात ती भेट. घोडा भाड्याने ठरला, तारीख ठरली, की आपली मंडळी आधी बूट बघायला धावतात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. माझ्या यादीत बूट बरेच खाली आहेत. सगळ्यात वर आहे कायदा. इंग्लंड आणि वेल्समध्ये हाउंड्ज लावून कोल्ह्याची शिकार करणं 18 फेब्रुवारी 2005 पासून बंद आहे. स्कॉटलंडने 2002 मध्येच कायदा केला आणि 2023 मध्ये तो आणखी कडक केला. आयर्लंडमध्ये मात्र ती आजही कायदेशीर आहे. इंग्लंडात आता जे चालतं त्याला ट्रेल हंटिंग म्हणतात: कोल्ह्याच्या वासात भिजवलेली चिंधी कुणीतरी आधी रानातून ओढत नेतो आणि हाउंड्ज त्या वासावर धावतात. विरोधकांच्या मते हा नुसता आडपडदा आहे, आणि 2024 च्या जाहीरनाम्यात मजूर पक्षाने हेही बंद करू असं लिहिलं. तेव्हा पैसे भरण्याआधी तुम्ही जाताय त्या भागात आज काय नियम आहे ते बघा, आणि आपल्याला नेमकं कशामागे धावायचंय ते स्वतःशी ठरवा. मला विचाराल तर ब्लडहाउंड्जच्या मागे जा. तिथे पुढे एक धडधाकट माणूस पळत असतो, त्याच्याच अंगाच्या वासावर हाउंड्ज येतात, आणि गाठल्यावर त्याचं तोंड चाटतात.

(जाता जाता: आपण फॉक्सला सर्रास कोल्हा म्हणतो, पण आपला कोल्हा म्हणजे जॅकल, फॉक्सच्या जवळचं आपल्याकडे खोकड. उटीला साहेबाने हंट काढला तेव्हा तो जॅकलच्याच मागे धावायचा.)

मग भाषेची तयारी. ही फुकट होते म्हणून कुणी करत नाही. हाउंडला कुत्रा म्हणायचं नाही. त्याच्या शेपटीला टेल नाही, स्टर्न म्हणायचं. मोजणी जोडीने होते: साडेसतरा कपल म्हणजे पस्तीस हाउंड्ज. मुधोळ हाउंड बघितलेल्या माणसाला एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आपला मुधोळ किंवा कारवानी नजरेने धावतो, सावज दिसलं की सुटतो. फॉक्सहाउंड नाकाने चालतो. वास हरवला की सगळा ताफा थांबतो, माती हुंगत पसरतो, आणि अशा वेळी तुम्ही मैत्रिणीशी मोठ्याने गप्पा मारत असाल तर लोक तुमच्याकडे वळून बघतात. 18 व्या शतकात लेस्टरशरमध्ये ह्यूगो मेनेलने वेगवान हाउंड्जची पैदास केली, तेव्हापासून या खेळाला आजचा वेग आला. तरी दिवसातला अर्धा वेळ थंडीत उभं राहण्यातच जातो. त्यामुळे आतला बनियन लोकरीचा हवा, हे यादीत ठळक लिहा.

आता कपडे. मोसमाची औपचारिक सुरुवात, म्हणजे ओपनिंग मीट, नोव्हेंबरच्या आरंभी असते. त्याआधी जात असाल तर ट्वीडचा कोट चालतो. त्या वेषाला इथे रॅटकॅचर म्हणतात. नंतर काळा किंवा गडद निळा कोट. लाल कोट, ज्याला ही मंडळी पिंक म्हणतात, तो आपल्यासाठी नाही. तो मास्टर (हंटचा प्रमुख), हंट्समन (हाउंड्ज हाताळणारा) आणि मास्टरने ज्यांना मान दिला त्यांचा. गळ्याला पांढरा स्टॉक बांधायचा. आदल्या रात्री आरशासमोर तीनदा बांधून बघा, सकाळी गार बोटांनी ती गाठ बसत नाही. त्यावरची पिन आडवीच लावायची. उभी लावली आणि पडलात तर टोक गळ्यात. हा लांबलचक पट्टा नुसता शोभेचा नाही. हात मोडला तर झोळी होते, घोड्याला जखम झाली तर बँडेज. केस जाळीत घट्ट बांधा, कानातलं काढून ठेवा, आणि मंगळसूत्र घालत असाल तर ते त्या दिवशी घरीच राहू दे. हेल्मेट आजच्या मानकाचं हवं. मखमली टोपी फोटोत छान दिसते, तेवढंच.

बुटांचं एकच. ते काळे, स्वच्छ आणि तुमच्या पायाला सरावलेले हवेत.

घोडा भाड्याचा असेल तर तो खरारा करून, आयाळ विणून, खोगीर चढवूनच तुमच्या हातात येतो. तरी मालकाला चार प्रश्न विचाराच. गेल्या आठवड्यात किती धावला? तोंडाला नरम आहे की ओढतो? दुसऱ्या घोड्यांना लाथ मारतो का? मारत असेल तर शेपटीला लाल फीत हवी. नवखा असेल तर हिरवी. हाउंड्ज जवळून जाताना घोड्याचं तोंड त्यांच्याकडे वळवायचं, पुठ्ठे नाही. हाउंडला लाथ बसली तर लाल फीत दाखवून सुटका होत नाही.

आणि तंग, म्हणजे खोगीर धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा. माझी पहिली मीट याच एका गोष्टीने वाया गेली. पुण्यात शिकताना मोतद्दार तंग आवळून द्यायचा, मला त्याकडे बघायची सवयच नव्हती. इथे पोर्ट वाइनचा छोटा पेला पोटात गेला, शिंग वाजलं, आम्ही निघालो. वीसेक मिनिटांत घोड्याच्या पोटातली हवा उतरली, तंग सैल झाला, आणि एका साध्याशा चराजवळ खोगीर माझ्यासकट डावीकडे फिरलं. चिखल कमरेपर्यंत. मागून येणाऱ्या एका आजोबांनी थांबून घोडा पकडला, मला वर चढवलं, एक शब्द बोलले नाहीत, फक्त स्वतःच्या घोड्याचा तंग एकदा बोटाने चाचपून पुढे गेले. तेव्हा लिहून ठेवा: चढण्याआधी एकदा, चढल्यावर एकदा, पहिल्या दुडकीनंतर एकदा.

खिशात काय? पाकिटात घातलेली कॅप, म्हणजे त्या दिवसाची फी. ती पोचल्या पोचल्या सेक्रेटरीच्या हातात द्यायची. दोरीचा तुकडा, कारण शेतकऱ्याचं फाटक कधी कधी दोरीवरच उभं असतं. रुमाल. एखादं चॉकलेट. मोबाइल बंद आवाजात, आतल्या खिशात. डबा न्यायची गरज नाही, मीटला सॉसेज रोल फिरतात. शाकाहारी असाल तर घरून भरपेट पोहे खाऊन निघा, पुढे चार तास काही मिळेल असं धरू नका.

मीट बहुधा अकराला असते. अर्धा तास आधी पोचा, गाडी अशी लावा की ट्रॅक्टर जाईल. मास्टर दिसले की ‘गुड मॉर्निंग, मास्टर’ म्हणायचं, ओळख असो नसो. फील्ड मास्टरच्या, म्हणजे सगळ्या स्वारांना पुढे राहून नेणाऱ्याच्या, पुढे घोडा काढायचा नाही, कितीही भरधाव असलात तरी. पेरलेल्या शेतात कडेकडेने. पुढचा माणूस बीळ किंवा तार बघून ‘वेअर होल’, ‘वेअर वायर’ ओरडेल. तेच तुम्ही मागच्याला ओरडायचं. शेवटचे असाल तर फाटक तुम्हीच लावायचं. ही सगळी जमीन दुसऱ्याची आहे आणि त्याच्या मेंढ्या बाहेर पडल्या तर पुढच्या वर्षी तिथे कुणालाच पाय ठेवता येणार नाही.

दमलात तर लाजू नका, निघा. फक्त फील्ड मास्टरला सांगून, आणि दुपारचा एक वाजला असला तरी ‘गुड नाइट’ म्हणून. इथला रिवाज तसाच आहे. पहिल्यांदा म्हणताना हसू येतं.

परतल्यावर आधी घोडा, मग आपला चहा. भाड्याचा असला तरी मालकाबरोबर दहा मिनिटं थांबा. हंटर क्लिपमध्ये अंगावरचे केस कापतात, पायांवरचे ठेवतात, आणि ब्लॅकथॉर्नचे काटे नेमके त्याच केसांत रुतून बसतात. डोळ्यांना दिसत नाहीत. चिखल धुऊन झाला की खुरापासून गुडघ्यापर्यंत उघड्या हाताने, केसांच्या उलट दिशेने चाचपत जायचं. घोडा पाय झटकतो तिथे थांबायचं. त्यासाठी एक चिमटा यादीत लिहा. मी तो स्टॉकच्या पिनेच्याच डबीत ठेवते.